रिकाम्या जागी

"गुरम्मा नल," भिंतीवरचा स्पीकर बोलला. पडद्यावरही तीच अक्षरं उमटली.

कुणीच उठलं नाही. लातूरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटला पडद्यावरून बोलावणं आजच सुरू झालं होतं. "नळवाली बाई कोण हाय बा?" मागून कुणीतरी म्हणालं आणि बाकड्यांवर हशा पिकला. पडदा पुढच्या नावाकडे गेला.

हा प्रोग्राम लिहिणारी धम्मप्रिया कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं लगेच यादी उघडून पाहिली. या बाईंच्या आडनावाची जागा रिकामी होती आणि रिकाम्या जागेला संगणक 'नल' म्हणतो. तशा वेळी काय दाखवायचं, हे त्याला सांगायचंच राहिलं होतं.

खिडकीपाशी एका डोळ्यावर पट्टी बांधलेली म्हातारी सकाळपासून बसून होती. धम्मप्रिया तिच्याजवळ गेली.

"अव्वा, गुरम्मा तुम्हीच का?"

"हाव. पट्टी सोडायची हाय. कवा बलावतेत गं?"

"बोलावलं होतं, अव्वा. माझंच चुकलं. आडनाव काय तुमचं?"

"माहेरचं येक, सासरचं येक. कंचंबी कधी लागलंच न्हाई. निलंग्याची गुरम्मा म्हटलं की समद्यांला कळतंय."

दवाखान्याचे मॅनेजर रामलिंग मागे येऊन उभे राहिले होते. "मॅडम, जागा रिकामी असली की 'आडनाव नाही' असं येऊ द्या. सोपं काम."

धम्मप्रियानं तसं टाइप केलं. मग भरल्या हॉलमध्ये तो स्पीकर ते कसं म्हणेल, हे तिनं मनातल्या मनात ऐकून पाहिलं. या शहरात खोली शोधताना दर दारात तिला आधी आडनावच विचारलं होतं. तिनं टाइप केलेलं पुसलं. आडनाव नसेल तर गाव, गावही नसेल तर नुसतं नाव, एवढं लिहिलं आणि बटण दाबलं.

"गुरम्मा, निलंगा."

"आले की!" म्हातारी लगबगीनं उठली.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा डोळ्यावरची पट्टी गेली होती. पाणावलेला डोळा मिचकावत ती थेट पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पोरी, माझं नाव कुठं हाय यात? मला वाचाया येत न्हाई."

धम्मप्रियानं ते पुन्हा वर आणलं आणि बोटानं दाखवलं.

"येवढं मोठ्ठं?" म्हातारी मान वर करून पाहतच राहिली.

रामलिंगांनी पुढचं नाव घ्यायची खूण केली.

"राहू द्या थोडं," धम्मप्रिया म्हणाली.