जोडीचा अँप्लिफायर

गारखेड्यातल्या कार ऑडिओच्या दुकानात अकरावीतली तनुजा हट्टाला पेटली होती. वडिलांच्या पिकअपच्या दारात कितीतरी स्पीकर लावून झाले, तरी तिची मान आडवीच हलत होती.

"अरे बेटा, वूफर ले ना! काचा थरथरतील असा बेस देतो," दुकानदार शकीलभाई वैतागले.

"बेस नको, भाई. माणसाचा आवाज माणसासारखा यायला पाहिजे. वाढवला की फाटतोय बघा!"

"स्पीकर चांगलाय. अँप्लिफायर कमी पडतोय त्याला."

"मग त्याच्या जोडीचा लावा. त्याबिगर मी इथून हलत नाय!"

शकीलभाईंनी अँप्लिफायर बदलला. तनुजानं मोबाइल जोडून आवाज पार वाढवला. गाणं नव्हतंच ते. घशाच्या ऑपरेशनात आवाज जायच्या आधी तिच्या वडिलांनी, मुंजाबांनी, मेंढ्यांच्या कळपाला घातलेली, मोबाइलवर टिपून ठेवलेली हाक होती, "हुर्रर्र... या गं माझ्या बायांनो!"

"आता पास?" शकीलभाईंनी विचारलं.

"मला काय इचारता? मागं बघा की!"

पिकअपच्या हौद्यातली म्हातारी मेंढी ताडकन उठली होती. स्पीकरकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारी गप्प उभ्या असलेल्या मुंजाबांच्या तोंडाकडं बघून तिनं ओ दिली.