ओढ्यापलीकडची दलदल

पडद्यावर फुलपाखरं आली तसा तेल कंपनीच्या ग्रेगचा आवाज चढला. "हे बघा. दलदलीत इतकीशी, आणि आम्ही झाडं तोडून काढलेल्या पट्ट्यांवर ही एवढी. जळलेल्या भागातही भरपूर. म्हणजे आग जे करते तेच आम्ही करतो. किड्यांना मोकळं रान आवडतं."

हॉलमध्ये आमचं अख्खं गाव जमलं होतं. गेल्या उन्हाळ्याच्या आगीत आमच्याकडच्या सगळ्या दलदली जळाल्या, ओढ्यापलीकडची एकच वाचली. तिथे क्लेमेन्टीन मावशीच्या घराण्याचे जनावरं धरायचे सापळे. तिच्या क्रॅनबेरी तिथल्या, औषधाचा पालाही तिथलाच. एवढं अफाट रान पडलंय, पण ग्रेगला जमिनीखालचं तेल शोधायला नवा पट्टा नेमका त्या दलदलीमधून हवा होता. आणि मावशी हो म्हणाल्याशिवाय आमच्या जमातीचा प्रमुख सही करणार नव्हता.

"मोजली कुणी ही?" पुढच्या खुर्चीतून मावशीनं विचारलं.

"तुमच्याच पोरीनं," ग्रेग खुशीत म्हणाला. "नोएलानं."

मावशीच्या बहिणीची ही मुलगी कंपनीचं जाकीट घालून भिंतीला टेकून उभी होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"पट्ट्यावरची ती कोणती गं, नोएला?"

"रस्त्याकडेची, मावशी. गाड्यांच्या चाकांबरोबर जे गवत आलं, त्याच्या फुलांवर बसणारी. ती कुठेही दिसतात."

"आणि दलदलीतली?"

"ती मुळात थोडीच असतात." नोएलानं मान खाली घातली. "पण दुसरीकडे राहतच नाहीत. क्रॅनबेरीच्या वेलीवर अंडी घालतात ती."

"हे त्याला सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"आणि आता तो तुझ्या नावावर हे खपवतोय, तर तू भिंतीला टेकून उभी आहेस. शाब्बास."

"आकडा तो आकडा, मॅडम," ग्रेग मध्ये पडला.

मग मावशी जी भडकली. "आकडा? आगीच्या वेळी चार गावची माणसं याच हॉलमध्ये येऊन पडली होती. तेव्हा मोजली असतीस तर म्हणाला असतास, वा, काय भरभराट आहे. अरे, घरं जळाली होती त्यांची! आणि आगीशी बरोबरी सांगू नकोस. जळलं तिथे दलदलीचं शेवाळ पुन्हा धरायला लागलंय. माझा बाप तरणा होता तेव्हा तुमच्या लोकांनी कापलेल्या पट्ट्यात आजही डबकं साचतं आणि डास होतात. ये, दाखवते."

ग्रेग नुसता हसला. मग त्यानं पिशवीतून तंबाखूचा पुडा काढला. कुणीतरी त्याला पढवून पाठवलं होतं. आमच्यात वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं तर त्यांच्या हातावर तंबाखू ठेवून मागतात. त्यांनी ती घेतली की शब्द दिला, मग त्यातून मागे फिरता येत नाही.

त्यानं पुडा पुढे केला. मावशीनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो तसाच हात लांब करून उभा राहिला, मग नोएलाकडे गेला. हळूच बोलायचा प्रयत्न केला, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "तू दे. तुझ्या हातून घेईल ती. पुढच्या वर्षीचं काम तुझंच समज."

नोएलानं पुडा घेतला.

आमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "विकली गेली पोरगी." ते तिला ऐकू गेलंच असणार. ती सगळ्यांच्या समोरून चालत आली, मावशीपुढे गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी पुडा पुढे धरला. ती मोठ्यानं बोलली, आणि एरवी असं मागणं आमच्या भाषेत करतात, पण ग्रेगला कळावं म्हणून तिनं मुद्दाम इंग्रजीत केलं.

"मावशी, मी मागते. ओढ्यापलीकडे पट्टा पडू देऊ नकोस. कुणीही विचारायला आलं तरी. उद्या पोटासाठी मी आले तरी."

मावशीनं पुडा घेतला.

"अहो, ती तंबाखू माझी आहे," ग्रेग म्हणाला.

"तुझीच आहे, बाबा," पुडा खिशात टाकत मावशी म्हणाली. "मागणं तिचं."