तांब्याभर गप्पा

सकाळपासून तेंडोलकरांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. भरलेला तांब्या समोर ठेवून ते फोनकडे बघत बसले होते. हार्ट अटॅकनंतर छातीत पंप बसवला तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाणी कमी पडलं की पंपाला रक्त पुरत नाही. जिवावर बेतेल."

रक्त असं कमी पडलं की पंपावर लक्ष ठेवणाऱ्या शहरातल्या केंद्रात अलार्म वाजायचा आणि लगेच तिथल्या वैदेहीचा फोन यायचा. "काका, पुन्हा पाणी विसरलात ना? प्या बघू, मी ऐकतेय!" मग ते फोन कानाशी धरून अगदी सावकाश प्यायचे. तांब्या रिकामा होईपर्यंत ती आपल्या मांजराबद्दल, डब्यातल्या भाजीबद्दल बोलत राहायची. बायको गेल्यापासून तेंडोलकरांचा विसरभोळेपणा फारच वाढला होता.

आज घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी फोन गप्पच. शेवटी न राहवून त्यांनीच फोन लावला.

"आज अलार्म नाही का वाजला?"

"आता वाजणारच नाही, काका!" वैदेही खुशीत म्हणाली. "सगळ्यांच्या पंपांत नवा प्रोग्रॅम घातलाय. रक्त कमी पडलं की पंप आपला आपणच वेग उतरवतो. आमची कटकट गेली बघा तुमच्या मागची!" पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली. "ठेवते हं."

तेंडोलकरांनी तांब्या उचलला. बंद झालेला फोन कानाशी तसाच धरून ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायले.

"प्यायलो गं," ते म्हणाले.