एल्डरमायची अट

डहाळी रोवून सिडसेल बांधाआड लपली होती. वाटेवर पावलं वाजली तशी तिने डोकं वर काढलं. यायचा होता जहागिरीचा कारभारी. येत होती किर्स्टीन.

घरी सिडसेलची एल्से हिवतापाने फणफणत होती. लोलांड बेटाच्या दलदलीतला ताप, सुगी आली की पोरं घेऊन जायचा. बोडिल म्हातारीने उपाय सांगितला होता. एल्डरच्या झाडापुढे डोक्याचा रुमाल काढायचा, झाडात राहणाऱ्या एल्डरमायची परवानगी मागायची, डहाळी तोडायची. ती पोरीच्या अंगावरून फिरवून वाटेत रोवायची. पहिल्यांदा जो कोणी ओलांडेल, ताप त्याचा. मात्र तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, खूण करायची नाही, डहाळीला पुन्हा हात लावायचा नाही. अट मोडली तर ताप दुपटीने पोरीवर उलटणार.

सिडसेलने जागा नीट हेरली होती. कारभारी रोज सकाळी इथूनच घोडा दामटायचा. तिच्या आजारी नवऱ्याला त्याने चर खणायला चिखलात उभं केलं होतं. त्या मेल्याला हुडहुडी भरली असती तर सिडसेलने देवाचे आभारच मानले असते. पण किर्स्टीन तिची शेजारीण. नवरा ह्याच तापाने गेलेला. लोकांचे कपडे धुऊन ती पोरं जगवत होती.

"सिडसेल! अगं बये, कुठं कुठं शोधायचं तुला?" किर्स्टीन लांबूनच ओरडली.

सिडसेलने ओठ घट्ट मिटले.

"दातखीळ बसली काय गं? का रुसलीस? बघ हं, मग मी पण काही सांगायची नाही!"

डहाळी आता किर्स्टीनपासून हातभर अंतरावर होती. 'थांब' एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. सिडसेलला एल्सेचे निळे पडलेले ओठ दिसले. किर्स्टीनची पोरंही दिसली. आपण काय करतोय हे तिला पक्कं कळत होतं. ती गप्प राहिली.

किर्स्टीनने घागरा उचलला आणि डहाळी ओलांडली.

"घाम फुटला तुझ्या पोरीला!" तिने सिडसेलचे दोन्ही हात धरले. "तू गेलीस आणि मी मागच्या दाराने आले. तुझी सासू बसली होती रडत. माझ्याकडं एल्डरची सुकवलेली फुलं होती, ती उकळून घोट घोट पाजली. पांघरुणं भिजली बघ सगळी! केव्हाच उतरला ताप. दूध-पाव मागतेय, आई कुठाय म्हणून कुरकुरतेय. हे सांगायला धावत आले, तर बाईसाहेब मुक्या!"

सिडसेल ढसाढसा रडली. किर्स्टीन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, आनंदाचं रडू आहे.

अट आता संपली होती. बोडिलकडे ह्यावर उतारा होता. त्यासाठी ओलांडणाऱ्याला हुडहुडी भरण्याआधी म्हातारीपुढे जाऊन बसावं लागे, आणि डहाळी कोणी रोवली तेही सांगावं लागे. दिवस नुकता वर आला होता. धावत गेलं तर म्हातारी घरातच सापडली असती. पण मग किर्स्टीनने विचारलं असतं, तू मला येताना बघत होतीस ना?

"बोल की काहीतरी आता," किर्स्टीन हसली. "इतकी आले धावत, एक चांगला शब्द तरी?"

सिडसेलने डोळे पुसले. अंगावरची शाल काढली आणि तिच्या खांद्यांवर नीट गुंडाळली.

"गार वारा सुटलाय," ती म्हणाली. "जप गं स्वतःला."