वाटणीतली हवा

संघाने बसवून दिलेल्या फुप्फुसांमुळे कबड्डीपटू आता पाच-पाच मिनिटं दम धरत. त्या फुप्फुसांची हवा मात्र संघाच्या कचेरीतून सुटे. प्रक्षेपणाच्या कमाईत खेळाडूंना हिस्सा मिळावा, म्हणून कप्तान हर्षल तांडेलने महिनाभर संप रेटला होता. आज व्यवस्थापक वालावलकरबाई हसतच म्हणाल्या, "हिस्सा मंजूर! पण संघाचं बजेट आहे तेवढंच राहील. तुमच्यातल्या एकाची हवा नुसतं बसण्यापुरती ठेवू, हवेचा जो खर्च वाचेल त्यातून बाकीच्यांचा हिस्सा भागेल. कोणाची, ते तुम्हीच ठरवा."

"डाव ओळखा रे यांचा," हर्षल पोरांना म्हणाला. "आपण फुटायचं नाही."

कोणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. अलिबागच्या वाळूत त्यानेच घडवलेल्या निनादने पहिला हात वर केला. "दादा, तुमचे खेळायचे दिवस तसेही सरत आलेत."

मग भराभर सगळे हात वर गेले.

बाईंनी तिथल्या तिथे कळ फिरवली. हर्षल खुर्चीत कोसळला, त्याची छाती घरघरू लागली. पेढे आले, सह्या सुरू झाल्या. निनादने त्याला बापाला धरावं तसं जपून उठवलं.

"चला दादा, बाहेर बसवतो. तुमच्या घरघरीत वाटणीचे आकडे ऐकू येत नाहीत."