मेतवल्लीच्या नावाची नळी

"हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही," डॉक्टर शाहिनाझ म्हणाल्या आणि दोन्ही कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या.

समोर मेतवल्ली बसला होता. मीत घम्र गावच्या कारखान्यात तीस वर्षं अ‍ॅल्युमिनियमची पातेली ठोकणारा, दाराएवढा रुंद माणूस. शेजारी त्याची बायको इन्शिराह, त्यांच्या रजबची आई. तिच्या मांडीवर गोळ्यांच्या तीन रिकाम्या डब्या होत्या. पुरावा म्हणून आणल्या होत्या.

"औषधाच्या आधी विषाणू आठ लाख. तीन महिने गोळ्या खाल्ल्यावर साडेआठ लाख," डॉक्टर म्हणाल्या. "रजबच्या आई, खरं सांगा. गोळ्या जातात कुठे?"

"यांच्या पोटात. मी स्वतः जिभेवर ठेवते. मग तोंड उघडायला लावून बघते."

"बॅटरी लावून बघते," मेतवल्ली म्हणाला. "तुरुंगातसुद्धा इतकी झडती घेत नसतील."

इन्शिराहला हसू आलं नाही. मेतवल्लीचा थोरला भाऊ याच हेपॅटायटिस सीने गेला होता, तिच्या डोळ्यांदेखत, रक्त ओकत. त्या सगळ्यांच्या लहानपणी कालव्याच्या पाण्यातल्या जंतांमुळे लघवीतून रक्त जायचं, म्हणून शाळेत पोरापोरींना रांगेत उभं करून एकाच काचेच्या सिरिंजने सुया टोचायचे. सुयांनी तो आजार गेला आणि हा आला. दीर गेला त्या दिवसापासून इन्शिराहने एकच ध्यास घेतला होता. नवऱ्याला तरी वाचवायचं.

"रक्त म्हणतंय, यकृत निकामी व्हायच्या वाटेवर आहे. सोनोग्राफी म्हणतेय, विशीतल्या पोराचं यकृत. मी विश्वास कुणावर ठेवू?" डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "भूक कशी आहे?"

"सकाळी ताअमियाचे सहा वडे आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. ही मात्र चिमणीसारखं टिपते. आजारी मी आणि वाळतेय ही! बायकोने काळजी करावी ती अशी."

"तुम्ही गप्प बसा हो. दृष्ट लावाल स्वतःला," इन्शिराह म्हणाली.

डॉक्टरांनी कागद बाजूला सारले. या गोळ्या चालत नसतील तर दुसऱ्या द्याव्या लागतील, त्याही सहा महिने. आणि त्याही लागू पडल्या नाहीत तर? ते त्या बोलल्या नाहीत. इन्शिराहने ते त्यांच्या तोंडावर वाचलं.

"रक्त पुन्हा काढू. इथेच, माझ्यासमोर."

मेतवल्लीचा रंग उडाला. "आत्ता? मी नाश्ता केलाय."

"चालतं."

"उद्या आलो तर?"

"अहो, आधी दोनदा दिलंत की!"

"ते घरी दिलं होतं," इन्शिराह घाईने म्हणाली. "आमच्या गल्लीतली नर्सबाई घरी येऊन काढते. मी नळीवर नाव घालून लॅबमध्ये पोचवते. सगळी गल्ली असंच करते."

"म्हणजे घरात वाघ आणि इथे शेळी?" डॉक्टर हसल्या.

मेतवल्लीने बायकोकडे पाहिलं. बायको भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

सुई दिसताच त्याने डोळे मिटून कुराणातले येतील तेवढे सूरे म्हणून टाकले. नळी भरली तेव्हा तो खुर्चीवरून घसरला. त्याला उचलायला तीन माणसं लागली. "भाऊजी असेच होते," इन्शिराह पुटपुटली. "सुईच्या भीतीने तपासणी टाळत राहिले आणि गेले." तिने नवऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं.

चार दिवसांनी दोघं पुन्हा आली. डॉक्टरांच्या हातात एकच कागद होता आणि चेहरा आधीपेक्षा गोंधळलेला.

"विषाणू नाही," त्या म्हणाल्या. "एकही नाही."

मेतवल्लीने टेबलावर अशी थाप मारली की पेनं उडाली. "बघ! गोळ्या लागू पडल्या! उशिरा पडल्या, पण पडल्या!" इन्शिराह ओढणीत तोंड लपवून रडायला लागली. अल्लाचे आभार तिला धड मानताही येईनात.

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "माणूस बरा झाला तरी या आजाराची खूण रक्तात वर्षानुवर्षं राहते. तुमच्या रक्तात ती खूणसुद्धा नाही. हाजी मेतवल्ली, तुम्हाला हा आजार कधी झालाच नव्हता."

"मग तर आणखी बरं!" मेतवल्ली म्हणाला.

"बरं कसलं? आधीच्या दोन्ही नळ्यांतलं रक्त एकाच माणसाचं दिसतंय, आणि तो माणूस फार आजारी आहे. तीन महिने फुकट गेले त्याचे. कुणाचं रक्त होतं ते?"

मेतवल्लीचं हसू तोंडावर तसंच राहिलं. तो हळूहळू बायकोकडे वळला.

"तीस वर्षं एका ताटात जेवतोय आम्ही," इन्शिराह डोळे पुसत म्हणाली. "मला वाटलं, नवरा-बायकोचं रक्त सारखंच असणार. हे सुईला भितात, डॉक्टरीणबाई, म्हणून दोन्ही वेळा हात मी पुढे केला."