नावाआधीची जागा

"ते आधी पुसून टाक, मग मी बसते," माएस्त्रा म्हणाल्या.

छत्री मिटून शाळेतल्या त्या बाई तीनचाकीपाशी उभ्या राहिल्या. तीनचाकीच्या कपाळावर ती चालवणाऱ्या सिद्रोने लेकीचं नाव रंगवून घेतलं होतं, जोवेलिन मगबानुआ. नाव जुनं, समुद्राचं वारं खाऊन फिकटलेलं. त्याच्या आधीचा शब्द मात्र परवाचा, लालभडक, हात लावला तर बोटाला येईल असा. इंजिनियर. पोरगी कॉलेजात गेली तेव्हाच सिद्रोने रंगाऱ्याला सांगून नावाआधी तेवढी जागा मोकळी ठेवून घेतली होती. स्टँडवरचे सोबती विचारायचे, अरे, नाव असं एका अंगाला का सरकलंय? तो नुसता हसायचा.

"तेलरंग आहे, माएस्त्रा. पुसायचा तर पोरीला परीक्षेत नापास व्हायला सांगावं लागेल."

माएस्त्रा हसल्या नाहीत. पण बसल्या. आज गावच्या संताचा सण होता. चर्चमधली प्रार्थना आटोपली होती. आता बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली, यंदा पास झालेल्यांचा सत्कार. नावं पुकारायचा मान दरवर्षी माएस्त्रांचा, कारण तिथे इंग्रजी बोलावं लागे आणि गावाला इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं.

वाटभर त्यांनी तोच धडा घेतला. इंग्रजीत माणसाला त्याच्या नावाने ओळखतात. मिस्टर अमुक, मिस तमुक. डॉक्टर चालतो, बाकीचे धंदे नावाला चिकटवत नाहीत. अटर्नी फलाणा, आर्किटेक्ट बिस्ताना, हे आपल्याच बेटांवरचं खूळ. उद्या गवंडी फेलिपे आणि न्हावी तोमास म्हणाल.

सिद्रोने सगळं ऐकून घेतलं. मैदानाच्या फाटकाशी गाडी थांबवून तो म्हणाला, "एकदाच म्हणा, माएस्त्रा. माइकवर. तुमच्या तोंडून."

"नाही. आणि एकदा सांगितलेलं मी दुसऱ्यांदा सांगत नाही, सिद्रो. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. चौथीपर्यंत तोही त्यांच्याच वर्गात होता. खिडकीशी, शेवटच्या बाकावर, जिथून होड्या दिसत. माएस्त्रा काही विचारायच्या आणि तो मान वळवून म्हणायचा, ऐकू नाही आलं, माएस्त्रा. मग हातावर छडी. चौथीनंतर बापाने त्याला जाळ्यांवर नेलं आणि तो बाक रिकामा झाला.

छपराखाली कागदी पताका फडफडत होत्या. भाजलेल्या डुकराच्या वासाने पोरंटोरं अस्वस्थ झाली होती. माएस्त्रांनी पुकारायला सुरुवात केली. मेयरचा पुतण्या आर्किटेक्ट झाला होता, तो नुसता मिस्टर म्हणून वर गेला. नवा वकीलही मिस्टरच. लोक एकमेकांना कोपर मारून हसले. माएस्त्रांच्या तडाख्यातून कोण सुटणार?

"मिस जोवेलिन मगबानुआ."

टाळ्या सगळ्यांत जास्त तिलाच पडल्या. मागे खांबाला टेकून सिद्रोनेही वाजवल्या, पण जरा उशिरा. होडी सुटल्यावर धक्क्यावर पोचलेल्या माणसासारख्या.

शेवटी मोगऱ्याचा एक हार उरला होता. यंदा तो शिकवणाऱ्या बाईंना घालायचा असं गावाने ठरवलं होतं, आणि त्यांना बोलवायचं काम जोवेलिनचं. माएस्त्रा खाली पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. पोरीने माइक घेतला. पाठ ताठ, हनुवटी वर, जशी शिकवली होती तशी. उच्चार धुतल्या तांदळासारखे.

"मिस एर्मिनिया दोरोनिला."

कुणीच टाळी वाजवली नाही. माना फाटकाकडे वळल्या. दोघातिघांनी पाहुणीला वाट म्हणून खुर्च्या सरकवल्या. मासे विकणारी पासिंग शेजारणीला म्हणाली, "ही कोण गं? मनिलाहून आलीय वाटतं." मेयर उठून शर्ट सारखा करू लागले.

आणि पहिल्या रांगेत माएस्त्रांनीही मान वळवली. त्याही फाटकाकडे बघत होत्या.

मागून सिद्रोचा आवाज आला. "अहो माएस्त्रा, तुम्हालाच बोलावतायत."

आधी एक हसू फुटलं. मग खुर्च्या वाजल्या, सगळं मैदान उभं राहिलं. माएस्त्रा, माएस्त्रा. भरतीच्या लाटेसारखा तो शब्द पत्र्यावर आपटला आणि पुन्हा खाली आला. नावाने एक खुर्ची हलली नव्हती, त्या शब्दाने गाव उठला होता.

माएस्त्रा पायऱ्या चढल्या. जोवेलिनने हार घातला, वाकून त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला. तो हात त्यांनी लगेच काढून घेतला नाही. पोरीकडे बघत राहिल्या, मोगऱ्याच्या कळ्या चाचपत. मग तिच्या हातातला माइक घेतला. संथ, स्वच्छ इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या,

"इंजिनियर जोवेलिन मगबानुआ."

पताका तेवढ्या फडफडत होत्या. खांबाशी सिद्रो टेकण सोडून उभा राहिला. डोळे गळत होते, पुसायचं भान नव्हतं. मान मात्र वळलेली नव्हती, सरळ माएस्त्रांकडे होती.

"ऐकू नाही आलं, माएस्त्रा."

माएस्त्रांनी माइक तोंडाजवळ ओढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगितलं.